कांद्याच्या चाळीतून श्वसनाचा पाठ: वर्गातल्या प्रत्येक मुलाला सामावणारं विज्ञान कसं आखायचं

"विज्ञान मुलांच्या परिसराशी जोडा" ही सूचना नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाने प्रशिक्षणात ऐकलेली असते. वर्गात तिचं काय होतं? एक तर तक्त्याच्या कडेने वारली चित्रांची नक्षी येते आणि आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. नाहीतर सुरगाण्याकडून आलेल्या एखाद्या मुलीला उभं करून विचारलं जातं, "तुमच्यात याला काय म्हणतात गं?" सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघतो आणि त्यानंतर ती हात वर करायचीच थांबते.

अशा पाठांत हेतू चांगला असतो, क्रम चुकतो. म्हणून इथे एकच पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडला आहे. इयत्ता सातवी-आठवी, विषय श्वसन आणि बाष्पीभवन, साहित्य कांदा, कालावधी चार आठवडे. डोळ्यांसमोर निफाड, चांदवड, येवला भागातली शाळा आहे, जिथे कांदा साठवायच्या चाळीच्या मालकाचं मूल आणि त्याच चाळीत कांदा निवडणाऱ्या बाईचं मूल एका बाकावर बसतं. बाकीच्या तालुक्यांसाठी काय बदलायचं ते शेवटी दिलं आहे.

## १. आधी अध्ययन निष्पत्ती, मग कांदा

वहीत पहिलं वाक्य असं लिहा: "या पाठानंतर मूल काय करून दाखवू शकेल?" आपल्या पाठापुरतं उत्तर असं: काढणी झालेला कांदाही सजीव असतो आणि श्वसन करतो, हे मूल पुराव्यानिशी सांगेल, वजनातली घट मोजून तिची कारणं वेगळी करेल.

हे लिहून झाल्यावरच परिसरातली वस्तू निवडा. उलट्या क्रमाने गेलात, म्हणजे "आपल्याकडे कांदा आहे, त्यावर काहीतरी घेऊ" म्हणालात, की पाठ लासलगाव बाजार समितीच्या माहितीवर जातो आणि विज्ञान बाजूला राहतं.

वस्तू निवडताना तीन प्रश्न विचारा. ती मोजता येते का? वर्गातल्या बहुतेक मुलांनी तिला हात लावलेला आहे का? तिच्याबद्दल बोलताना एखाद्या मुलाला लाज वाटेल का? तिसऱ्याचं उत्तर "कदाचित" असेल तर वस्तू बदला. काल घरी काय खाल्लं या प्रश्नावरून आहाराचा पाठ सुरू करणं इथेच फसतं. सुकट खाणारं, शिळी भाकर खाणारं आणि काहीच न खाता आलेलं मूल, तिघंही खोटं उत्तर देतात.

वेळही ठरवून घ्या. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत भरला जातो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते तेव्हा चाळी भरलेल्या असतात, हवा दमट होते आणि सड सुरू होते. हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत चांगला दिसतो. शिवाय सुरगाणा-पेठकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. दिवाळीनंतर सुरू केलेला लांब प्रयोग त्यांच्या मुलांपुरता अर्धवटच राहतो.

तपासा: पाठाच्या टाचणात "कांदा" हा शब्द खोडून पाहा. अध्ययन निष्पत्ती तरीही स्पष्ट वाचता येते का?

## २. वर्गाची ओळख करून घ्या, पण घराची चौकशी करू नका

"तुमच्यापैकी कोणाचे वडील काय काम करतात?" हा प्रश्न आपल्याकडे निरुपद्रवी नाही. धंदा सांगितला की पुष्कळदा जातही सांगितली जाते. जमीन किती, चाळ स्वतःची की दुसऱ्याची, हे सांगितलं की घराची ऐपत उघडी पडते. यंदा कोणाचा कांदा सडला हे तर अजिबात विचारू नका. त्या एका प्रश्नामागे एखाद्या घराचं सगळं कर्ज असू शकतं.

प्रश्न मुलाला नको, वस्तूला विचारा. टेबलावर पाच-सहा कांदे ठेवा: एक कोंब आलेला, एक जाड मानेचा (मान म्हणजे पात निघते तो वरचा भाग), एक काळी बुरशी धरलेला, एक जोड कांदा, एक गोल्टी म्हणजे लहान कांदा. मुलांना गटागटाने फिरून बघू द्या आणि चिठ्ठीवर नाव न घालता दोन गोष्टी लिहायला सांगा: "मला याबद्दल काय माहीत आहे" आणि "मला काय कळत नाही". लिहायला अडणाऱ्या मुलाने चित्र काढलं तरी चालेल.

या चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा. कोण चाळीत काम करतं, कोणाला कांद्याची काहीच ओळख नाही, कोणता गैरसमज पसरलेला आहे, हे एकालाही उभं न करता कळतं. सर्वांत जास्त सापडणारा गैरसमज म्हणजे शेतातून उपटला की कांदा "मेला". तुमचा पाठ त्याच गैरसमजाला भिडणार आहे.

सावध: चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नका. अक्षरावरून मुलं ओळखतात.

## ३. साहित्य: घरून काहीही मागवायचं नाही

"उद्या प्रत्येकाने दहा कांदे आणा" म्हणताच वर्ग तिथल्या तिथे तीन भागांत विभागला जातो: पोतं आणणारा, मोजून दहा आणणारा आणि त्या दिवशी गैरहजर राहणारा. म्हणून साहित्य शाळेनेच घ्यायचं. पाच-सहा जणांच्या एका गटाला लागतं ते एवढंच:

- साधारण सारख्या आकाराचे, बारीक मानेचे, न सडलेले ३० कांदे
- एक जाळीची पिशवी, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि ओलं करून ठेवायला गोणपाटाचा तुकडा
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा (सगळ्या गटांत मिळून एक पुरतो)
- झाकणाच्या दोन बरण्या आणि चुन्याची निवळी

कांदे एकाच ढिगातले घ्या. एका गटाला बाजारातले आणि दुसऱ्याला कोणाच्या तरी चाळीतले दिलेत, तर शेवटी फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही.

निवळी आदल्या दिवशी शिक्षकाने स्वतः करावी. पानात खातात तो चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर स्थिर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, त्यामुळे हे काम मुलांवर सोपवू नका.

## ४. शब्दांचा तक्ता, पण रिकामा

कळवण, सटाणा, देवळा, मालेगावकडच्या पुष्कळ मुलांच्या घरी अहिराणी बोलतात, सुरगाणा-पेठकडच्या मुलांच्या घरी कोकणा बोली. पुस्तकातलं "श्वसन", "आर्द्रता", "बाष्पीभवन" या मुलांपासून दुप्पट लांब असतं.

भिंतीवर तीन रकान्यांचा मोठा कागद लावा: "आम्ही काय म्हणतो", "कामावर काय म्हणतात", "पुस्तकात काय म्हणतात". पहिले दोन रकाने मुलं भरतील, तिसरा पाठाच्या शेवटपर्यंत कोरा राहील. कामावरच्या रकान्यात मान, पात, कोंब, काजळी (काळी बुरशी), डेंगळा (फुलाचा दांडा आलेला कांदा), जोड, चिंगळी (अगदी बारीक कांदा), गोल्टी असे शब्द येतील. त्यातले बरेच शब्द वर्गीकरणाचेच आहेत. आकार, रोग, फुलोरा यांवरून कांदा वेगळा करण्याची पूर्ण पद्धत त्यांच्यात आहे. मुलांना ती येते, मात्र तिला विज्ञान म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

शिक्षकाने बोलीतला शब्द उच्चारून हसू आणायचं नाही आणि शुद्धलेखन दुरुस्त करायचं नाही. एकाच वस्तूला तीन शब्द आले तर तिन्ही लिहायचे.

तपासा: तक्त्यावर सगळे शब्द दोन-तीनच मुलांचे आहेत का? तसं असेल तर पुढच्या दिवशी आधी जोडीने बोलायला पाच मिनिटं द्या, मग शब्द मागा.

## ५. गट पाडताना आणि कामं वाटताना

मी पाहिलेले बहुतेक प्रयोग इथे बिघडतात आणि बिघाड कोणाला दिसतही नाही. "अक्षर छान आहे" म्हणून मुलगी नोंदी लिहिते, मुलगा काटा हाताळतो. बोलका, बहुधा सुस्थितीतल्या घरचा मुलगा निष्कर्ष सांगतो. शेवटी सडलेला कांदा उचलून फेकायला आणि टेबल पुसायला नेमकी तीच मुलं पुढे होतात ज्यांच्याकडून गावातही तेच काम करून घेतलं जातं. शिक्षकाने सांगितलेलं नसतं, तरी होतं. म्हणून सांगून, लिहून, भिंतीवर लावून ते बदलावं लागतं.

चार कामं ठरवा: मोजणारा, लिहिणारा, मांडणारा (म्हणजे निष्कर्ष बोलणारा) आणि साफ करणारा. दर आठवड्याला कामं फिरली पाहिजेत. चार आठवडे असल्यामुळे प्रत्येक मूल चारही कामं करतं. गटात पाच-सहा जण असतील तर एखादं काम दोघांनी करायचं. वेळापत्रकात शिक्षकाचं नावही साफसफाईच्या रकान्यात एकदा असू द्या. मुलं ते बघतात.

गट मुलांवर सोडू नका आणि "एक हुशार, दोन मध्यम" असाही हिशेब करू नका. निदान सुरुवातीला चिठ्ठ्यांनी पाडा. एकच अपवाद: वर्गात नुकत्याच आलेल्या, भाषा नवीन असलेल्या मुलाला त्याची बोली कळणारं एखादं मूल सोबत द्या.

## ६. प्रयोग

पहिला दिवस. गटाच्या ३० कांद्यांचे १०-१० चे तीन संच करायचे. "अ" जाळीत टांगलेला. "ब" प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. "क" ओलसर गोणपाटात गुंडाळलेला, गोणपाट रोज शिंपडायचं. तिन्ही एकाच खोलीत ठेवायचे. वजन लिहायच्या आधी प्रत्येक मूल वहीत अंदाज लिहील: कोणाचं वजन सर्वांत जास्त घटेल आणि का? अंदाजाला गुण नाहीत आणि तो नंतर खोडायचाही नाही.

दर सोमवारी. वजन, कोंब आलेले कांदे, सडलेले कांदे, वास. "ब" संचाचं वजन दोनदा घ्यायचं: आधी पिशवीसकट, मग कांदे पुसून आणि रिकामी पिशवी वेगळी. पिशवीच्या आत थेंब दिसतील. ते पाणी आलं कुठून हे तुम्ही सांगू नका. दोन वजनांतला फरकच मुलांना तिथे नेतो.

घट टक्क्यांत काढायला लावा. समजा, १० कांदे ८०० ग्रॅम होते आणि ७६० झाले: घट ४० ग्रॅम, म्हणजे ५ टक्के. गणिताच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवलं तर त्यांच्या तासालाही हेच आकडे वापरता येतात.

दुसऱ्या आठवड्यात बरण्या. एका बरणीत तळाला चुन्याच्या निवळीची वाटी आणि सोबत दोन-तीन कांदे, त्यांतला एक कोंब आलेला. दुसऱ्या बरणीत फक्त निवळी. दोन्हींची झाकणं घट्ट लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. कांद्याच्या बरणीतली निवळी दुधाळ होते, कारण कांद्याने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. घाईत दुसरी बरणी गाळतात. ती नसेल तर "हवेतल्या वायूमुळेच झालं असेल" या मुलाच्या शंकेला उत्तर उरत नाही, आणि ती शंका अगदी रास्त आहे.

"मेलेला" कांदा श्वास घेतो आहे हे इथे उघड होतं. त्या दिवशी व्याख्या सांगायची घाई करू नका.

सावध: काजळी म्हणजे काळी बुरशी. बुरशी धरलेला कांदा झटकायचा नाही, नाकाजवळ न्यायचा नाही. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला त्या आठवड्याला लिहिण्याचं काम द्या, पण कारण वर्गासमोर बोलू नका.

तपासा: तिसऱ्या सोमवारी एखाद्या गटाचे आकडे अगदी नीटनेटके, सारख्या अंतराने घटत आलेत का? मग ते बहुधा घरी बसून भरलेले आहेत. रागावू नका, काटा पुढ्यात ठेवून पुन्हा मोजायला लावा. बिघडलेला, ओबडधोबड आकडा प्रामाणिक असेल तर त्याचं वर्गात उघड कौतुक करा.

## ७. जाणकार पाहुणा: कोणाला आणि कसं बोलवायचं

"स्थानिक तज्ज्ञ" म्हटलं की सरपंच, बागायतदार नाहीतर खतविक्रेते येतात आणि भाषण होतं. या पाठासाठी चाळीत कांदा निवडणारी बाई बोलवा. सड ओळखण्याचं काम तिच्या हातात असतं.

आधी दोन गोष्टी पार पाडा. तिचं मूल याच वर्गात असेल तर त्याला एकटं गाठून विचारा. नको म्हणालं तर दुसऱ्या कोणाला बोलवा. दुसरं, ती रोजंदारीवर असते. अर्धा दिवस शाळेत म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार. ती शाळेने भरून द्यावी किंवा कामाला सुट्टी असेल तो दिवस धरावा. मुख्याध्यापक पाहुण्यांना ज्या खुर्चीत बसवतात, त्याच खुर्चीत तिलाही बसवा.

तिला भाषण करायला सांगू नका. समोर पाटीभर मिसळलेले कांदे ठेवा आणि म्हणा, "मावशी, तुम्ही निवडता तसे निवडा." हात इतके भरभर चालतात की मुलांना काही कळत नाही. मग प्रत्येक मुलाने एक कांदा उचलून विचारायचं, "हा बाजूला का काढला?" बोटाने मान दाबून ती सांगेल की ही जाड आहे, ओली आहे, हा टिकायचा नाही. पात कापताना बोटभर मान का ठेवतात, चाळीचा तळ जमिनीपासून उंच का असतो, हेही विचारू द्या. मान नीट सुकली नाही तर तिथून ओलावा आणि रोग आत शिरतो. खालून हवा खेळली नाही तर तळाचा थर आधी सडतो. मुलांच्या "क" संचात हेच चाललेलं असतं.

पाहुणी गेल्यावर तिचं म्हणणं फळ्यावर अंदाज म्हणून लिहा: "जाड मानेचा कांदा लवकर सडतो." मग विचारा, हे तपासायचं कसं? पुढच्या फेरीचा प्रयोग मुलंच आखतील. तिच्या अनुभवाला कसोटीवर लावण्यात तिचा अनादर नाही. शास्त्रज्ञाचं म्हणणंही आपण असंच तपासतो.

## ८. समजुतींशी कसं वागायचं

कोणी म्हणेल, चाळीत कडुलिंबाचा पाला टाकला की कांदा सडत नाही. कोणी म्हणेल, नजर लागली की चाळ सडते. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक, "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" म्हणून टाळ्या घेणं. दुसरी, "ही अंधश्रद्धा" म्हणून झटकून टाकणं. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या कलम ५१क मधलं मूलभूत कर्तव्य आहे, आणि तो दोन्ही चुकांत हरवतो.

मुलांना एकच प्रश्न द्या: "हे खरं असेल तर आपल्याला काय दिसायला हवं?" पाल्याचं तपासता येतं: दोन सारखे संच, एकात पाला, बाकी सगळं सारखं. फरक दिसला नाही तर तसं लिहायचं. नजरेचं मोजायचं कसं, यावर वर्ग थोडा वेळ अडकेल. मोजता येत नाही हे मुलांनी स्वतः म्हटलं की पुरे. ज्याच्या घरी चाळीवर लिंबू-मिरची टांगलेली आहे, त्या मुलाकडे बघून हे बोलू नका.

## ९. पुस्तकातला शब्द आता, आणि मग मूल्यमापन

चौथ्या आठवड्यात तक्त्याचा तिसरा रकाना उघडा. मुलांनी पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर आता पुस्तकातला शब्द येईल: श्वसन, बाष्पीभवन, आर्द्रता, कवक, सुप्तावस्था. पहिल्याच तासाला व्याख्या लिहून दिली असती, तर मुलांनी ती पाठ केली असती आणि कांद्याकडे पाहिलं नसतं. संपूर्ण पाठात सर्वांत जास्त मोडला जाणारा क्रम हाच.

इथेच लासलगावच्या "कृषक" विकिरण केंद्राचा विषय घ्या. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या या केंद्रात कांद्यावर गॅमा किरणांचा ठरावीक मारा करतात. त्याने कोंबाच्या पेशींचं विभाजन थांबतं, म्हणून कोंब येत नाही. प्रश्न असा द्या: "मग असा कांदा सडेल का? त्याचं वजन घटेल का?" दोन्हींचं उत्तर "हो, घडू शकतं" असं आहे, आणि का ते सांगायला मुलांना चार आठवड्यांच्या नोंदी वापराव्या लागतात.

इतका पाठ घेऊन शेवटी "श्वसन म्हणजे काय?" हा जुनाच प्रश्न विचारू नका. असे प्रश्न द्या:

- तुमच्या गटाच्या आकड्यांवरून एका चाळमालकाला एक सल्ला द्या आणि त्यामागचा आकडा सांगा.
- दुसऱ्या गटाचा निष्कर्ष वेगळा आला. तीन शक्य कारणं लिहा.
- तुमचा पहिला अंदाज काय होता? कोणत्या नोंदीमुळे तो बदलला किंवा बदलला नाही?

उत्तर तोंडी द्यायची मुभा सगळ्यांना ठेवा. एकाच मुलाला दिलीत तर ती सवलत होते आणि त्याला चिकटते. बोलीत सांगितलेल्या बरोबर उत्तराला पूर्ण गुण द्या, पुस्तकातला शब्द वापरण्यासाठी एखादा गुण वेगळा ठेवा आणि हे आधी जाहीर करा.

## दुसऱ्या तालुक्यात काय बदलायचं

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आश्रमशाळा. मुलं वसतिगृहात राहतात, म्हणून "घरी जाऊन बघा" हा गृहपाठ बाद. कांद्याऐवजी नागली घ्या. मोड आलेली आणि कोरडी नागली निवळीच्या बरण्यांत ठेवली तर श्वसनातला फरक स्पष्ट दिसतो. पुस्तकात "नाचणी" असेल तिथे मुलांचा शब्द "नागली" तक्त्यावर आधी येऊ द्या. आणि सगळी आदिवासी मुलं एकसारखी समजू नका. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल अशी निरनिराळ्या समाजांतली मुलं एकाच वर्गात असतात.

दिंडोरी-निफाडचा द्राक्षपट्टा, दहावी. विस्थापन अभिक्रियेसाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे द्राक्षावर फवारतात ते बुरशीनाशक, घ्या. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना असतो. मिश्रण बरोबर झालं का हे पाहायला बागेत त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला की मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना कमी पडला आहे. लोखंडाने तांब्याला द्रावणातून बाहेर काढल्याचं हे उदाहरण कित्येक मुलांनी आधीच पाहिलेलं असतं. वर्गात मोरचुदाचं सौम्य द्रावण शिक्षकानेच हाताळावं. बागेतली औषधं, त्यांचे रिकामे डबे किंवा फवारणीचा पंप शाळेत आणू देऊ नका.

मालेगाव. यंत्रमागाच्या आवाजावर ध्वनीचा पाठ चांगला होतो: अंतर वाढेल तसा आवाज किती कमी होतो ते मोबाइलवर मोजा. मागावर कोण काम करतं हे न विचारता रस्त्यावरून मोजायचं. उर्दू माध्यमात तक्त्याला उर्दूचा रकाना हवाच.

नाशिक शहर. काळवंडलेलं तांब्याचं भांडं आणि चिंच पुरे. एका अर्ध्या भागाला चिंच, दुसऱ्याला नुसतं पाणी. चिंचेतल्या आम्लाने ऑक्साइडचा थर निघतो. भांडं शाळेचं असू द्या.

## मधूनच जाणाऱ्या मुलाची वही

दोन आठवड्यांनी एखादं मूल कुटुंबासोबत कामाच्या ठिकाणी गेलं, तर त्याच्या गटाच्या नोंदींची एक प्रत आणि कोरा तक्ता त्याच्या हातात द्या. जिथे जाईल तिथे द्राक्ष, कांदा, टोमॅटो, काही ना काही साठवलेलं असतंच. काटा नसेल तर कोंब आणि सड मोजता येते. परत आल्यावर त्याच्या नोंदी गटाच्या तक्त्याला जोडा आणि त्या आठवड्याच्या मांडणाऱ्याचं काम त्याला द्या. नव्या शाळेत दाखल होणार असेल तर वहीच्या पहिल्या पानावर तिथल्या शिक्षकांसाठी चार ओळी लिहा: काय चालू होतं, कुठे थांबलं, हे मूल काय चांगलं करतं.